वजन जास्त असेल तर माउंटन बाइकचं चाक कसं निवडावं?

माझं वजन ११२ किलो आहे आणि सायकल साधी हार्डटेल माउंटन बाइक. बोरी अरबला घरी असलो की रोज वीसेक किलोमीटर होतात, त्यातला बराचसा पांदण रस्ता. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेली बैलगाडीची चाकोरी नंतर दगडासारखी वाळते आणि मागचं चाक त्यात आदळत राहतं. गेल्या वर्षी तीन महिन्यांत मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले. दुकानात सांगितलं, "भाऊ, वजन कमी करा, नाहीतर जाड तारा टाका." सल्ला चुकीचा नाही, पण माझ्या चाकाचा आजार वेगळा होता. पैसे घालण्याआधी हा आजार समजून घ्या, कारण उतारावर पुढचं चाक बसलं तर नुकसान फक्त सायकलचं होत नाही.

स्पोक तुटतो कसा?

आपल्याला वाटतं, वजन खालच्या तारांवर उभं असतं. पण दोन मिलिमीटरची तार दाबली तर वाकणारच. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक तार ताणून ठेवतात. चांगल्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका तारेत साधारण १०० ते १२० किलोचा ताण असतो. चाक जमिनीला टेकतं तिथे रिम किंचित दबते आणि खालच्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा जवळजवळ तसाच राहतो. जॉब्स्ट ब्रँट या इंजिनिअरने १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे नीट मांडलं.

म्हणजे दर फेरीला प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे किलोमीटरला जवळपास ४८० फेऱ्या. माझ्या रोजच्या वीस किलोमीटरला साडेनऊ हजारांच्या वर. मुळात ताण कमी असेल तर जड माणसाखाली तार पूर्ण ढिली पडते, हबच्या भोकात हलते आणि वाकलेल्या टोकापाशी तुटते. बाइंडिंगची तार आपण पुढे-मागे वाकवून तोडतो, तसंच.

माझे चारही स्पोक तिथेच तुटले होते, आणि चारही गिअरच्या विरुद्ध बाजूचे. गिअरला जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड आत सरकवलेली असते. रिम मधोमध राहावी तर उजव्या तारा जास्त ताणाव्या लागतात आणि डाव्यांच्या वाट्याला कमी ताण येतो. त्यात चाक कंपनीतूनच ढिलं आलेलं. वजन निमित्त ठरलं.

काय घ्यावं?

गावात कुणाकडे जुनी काळी सायकल असेल तर तिच्या तारा मोजा. पुढे ३२, मागे ४० ही तिची जुनी पद्धत, कारण कॅरिअरवरचं पोतं मागच्या चाकावर येतं. आजच्या माउंटन बाइकला बहुतेक वेळा दोन्हीकडे ३२ किंवा त्याहून कमी असतात. शंभर किलोच्या वर असाल तर मागे तरी ३६ तारांचं चाक बांधून घ्या. साडेबारा टक्के तारा वाढतात, आणि एखादी तुटली तरी घरी पोचेपर्यंत चाक फारसं आऊट होत नाही.

रिम डबल वॉलच हवी. टायर आणि आतली पट्टी काढून बघा: निपलची डोकी एका मजल्याखाली खोल दिसली तर डबल, समोरच दिसली तर सिंगल. सिंगल वॉल रिमवर चांगल्या तारांचे पैसे घालू नका.

तारांच्या बाबतीत मात्र आपला अंदाज चुकतो. टोकांना २.० आणि मधे १.८ मिमी अशी डबल बटेड तार सरसकट २.० मिमीच्या तारेपेक्षा जास्त टिकते. मधला बारीक भाग थोडा जास्त ताणला जातो, त्यामुळे धक्का बसला तरी ती लवकर ढिली पडत नाही आणि टोकावरचा त्रास कमी होतो. मागच्या चाकाला आणखी दणकट हवी असेल तर हबकडे २.३ आणि पुढे २.० मिमीची तार घ्या. तुटण्याच्या जागी ३२ टक्के जास्त धातू मिळतो आणि निपल नेहमीचंच चालतं. फक्त हबच्या भोकात बसते का ते आधी पाहा. पूर्ण २.३ ची तार मी घेणार नाही. तिला निपलही वेगळं लागतं. निपल पितळी घ्या.

स्वस्त सात गिअरच्या सायकलींत आटे असलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवं बेअरिंग बरंच आत राहतं, एक्सलचं टोक लोंबतं आणि जड स्वारांचे एक्सल वाकतात. तुमचा एकदा वाकला असेल तर नवा एक्सल टाकण्यापेक्षा कॅसेटचा हब घ्या.

बांधणी

भारी सामान आणि घाईची बांधणी यापेक्षा साधं सामान आणि नीट बांधणी बरी. नुसता आऊट काढून चाक सरळ दिसतं, पण एक तार घट्ट आणि शेजारची ढिली असू शकते. कारागिराकडून चाक घेताना एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडा. सूर सारखा लागला पाहिजे. एखादी भदभद वाजली तर तिथेच दाखवा. बांधून झाल्यावर तारा जोडीजोडीने हाताने जोरात आवळायच्या असतात, म्हणजे त्या आपापल्या जागी बसतात. अनेक ठिकाणी हे करत नाहीत. आपणच करायला सांगायचं. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ताण तपासून घ्या.

माझ्या जुन्या रिमला भोकांपाशी तडे गेले होते, म्हणून ३६ चं नवं चाक बांधलं. तरीही दोन डाव्या आणि दोन उजव्या जादा तारा सीटच्या नळीत ठेवतो. दोन्हींची लांबी वेगळी असते, घेताना मोजून घ्या. उजवी तार बदलायला कॅसेट काढायचं हत्यारही लागतं, आणि ते गावात मिळत नाही.