ध्वनिमुद्रणातील हिस

ध्वनिमुद्रणातील हिस म्हणजे मुद्रित आवाजामागे अखंड ऐकू येणारा 'सूऽऽ' असा गोंगाट होय. तुटक खरखर किंवा वीजपुरवठ्यातून शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण यांहून तो वेगळा असतो. त्याची ऊर्जा विस्तृत वारंवारता-पट्ट्यात पसरलेली असून कानाला ती प्रामुख्याने उच्च वारंवारतांवर जाणवते. मुलाखती, व्याख्याने इत्यादींच्या जुन्या कॅसेटींचे डिजिटल फाइलींत रूपांतर करून आवाजाची पातळी वाढवली असता हिस विशेष ठळक होतो.

उगम

ध्वनिफितीवरील चुंबकीय कणांची यादृच्छिक मांडणी हे हिसचे प्रमुख कारण आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटची फीत अरुंद असून ती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकते. त्यामुळे तिच्यात हिसचे प्रमाण अधिक असते. मायक्रोफोन वक्त्यापासून दूर असल्यास किंवा मुद्रणपातळी कमी ठेवल्यास मूळ आवाज क्षीण राहतो व ॲम्प्लिफायरमधील गोंगाटही तुलनेने मोठा ठरतो. डिजिटल रूपांतरात प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल इतका पल्ला मिळतो. ८ बिटांच्या फाइलीत तो सुमारे ४८ डेसिबल असल्याने नवा गोंगाट मिसळू शकतो. १६ बिटांना तो सुमारे ९६ डेसिबल असतो.

नॉर्मलायझेशनचा परिणाम

शिखर-नॉर्मलायझेशनमध्ये फाइलीतील सर्वोच्च शिखर ठरावीक पातळीवर येईल, अशा बेताने संपूर्ण ध्वनी एकाच प्रमाणात वाढवला जातो. समजा, एका मुद्रणात शिखर −१८ डेसिबलवर व हिस −५८ डेसिबलवर आहे. शिखर −१ वर आणल्यास हिस −४१ वर येतो. दोहोंमधील ४० डेसिबलचे अंतर कायम राहते. म्हणजेच नॉर्मलायझेशन हिस निर्माण करत नाही व कमीही करत नाही. आधीपासून असलेला हिस ते ऐकू येण्याजोगा करते. मोठे आवाज दाबून नंतर एकंदर पातळी उचलणारा कॉम्प्रेसर वापरल्यास मात्र हे अंतर प्रत्यक्षात घटते आणि शब्दांमधील विरामांत हिस उसळतो.

निवारणाच्या पद्धती

फीत वाजवताना: अमेरिकन अभियंता रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडन येथे डॉल्बी लॅबोरेटरीज स्थापन केली; त्यापूर्वी ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. कॅसेटींसाठी रूढ झालेल्या डॉल्बी-बी पद्धतीत मुद्रणाच्या वेळी मंद उच्च स्वर उचलले जातात व वाजवताना तेवढेच खाली आणले जातात. त्यांच्याबरोबर हिसही सुमारे १० डेसिबलने उतरतो. अशी फीत डॉल्बी बंद ठेवून वाजवल्यास हिस वाढलेला ऐकू येतो. याउलट, साध्या फितीसाठी डॉल्बी चालू केल्यास आवाज मंदावतो. एकमार्गी मुद्रण स्टीरिओ यंत्रावर वाजवून दोन्ही बाजूंची सरासरी घेतल्यास सुमारे ३ डेसिबलपर्यंत लाभ होतो. कारण दोन्ही बाजूंचा आवाज सारखा असतो, हिस मात्र वेगवेगळा. यासाठी यंत्राच्या हेडचा कोन अचूक असावा लागतो.

फाइलीवर: वर्णपट-वजाबाकी ही पद्धत स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडली. तीत शांत भागावरून प्रत्येक वारंवारतेवरील गोंगाटाचा अंदाज घेऊन तो संपूर्ण ध्वनीतून वजा केला जातो. ऑडॅसिटी या मुक्त संगणकप्रणालीतही शांत भागाचा नमुना घेऊनच गोंगाट कमी केला जातो. नॉइज गेट केवळ विरामांतील हिस दाबतो. शब्दांखालचा हिस तसाच राहतो.

कामाचा क्रम

१. यंत्राचे हेड स्वच्छ करून त्याचा कोन जुळवणे.
२. २४ बिटांत, शिखरे न छाटता मुद्रण करणे.
३. मूळ फाइल अबाधित ठेवून तिची प्रत तयार करणे.
४. प्रतीवर हिस कमी करणे.
५. त्यानंतर नॉर्मलायझेशन करणे.
६. अखेरीस एमपी३ यांसारख्या संकुचित स्वरूपात रूपांतर करणे.

हिस अनियमित असल्याने त्याचे संकोचन नीट होत नाही. कमी बिटरेटवर तो उपलब्ध बिट खर्च करतो आणि आवाजाची प्रत ढासळते. म्हणून संकोचन शेवटी केले जाते.

मर्यादा

स, श, ष या ऊष्म वर्णांची बरीचशी ऊर्जा ४ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे हिसच्याच पट्ट्यात असते. त्यामुळे तीव्र शुद्धीकरणात हे वर्ण बोथट होतात आणि मराठीतील दंत्य व तालव्य च यांच्या उच्चारांतील भेदही पुसट होऊ शकतो. वर्णपट-वजाबाकी अतिरेकाने केल्यास पाण्याच्या बुडबुड्यांसारखे कृत्रिम स्वर उमटतात. त्यांना 'सांगीतिक गोंगाट' म्हणतात. सामान्यतः ६ ते १२ डेसिबलची माफक घट पुरेशी ठरते. बोलीभाषांची किंवा मौखिक इतिहासाची मुद्रणे जतन करताना प्रक्रिया न केलेली मूळ डिजिटल प्रत कायम राखणे आवश्यक मानले जाते. उरलेला हिस पुढे अधिक चांगल्या तंत्राने कमी करता येतो. त्याच्यासोबत एकदा पुसला गेलेला उच्चार परत मिळत नाही.