मांजरपाटावरचं बेथलेहेम

नाताळ तीन आठवड्यांवर आला की वडील नगरच्या कापडबाजारातून मांजरपाट आणायचे. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, हंगामात नाटकमंडळ्यांचे पडदे. शब्बाथशाळेची मुलं ख्रिस्तजन्माचं नाटुकलं करायची, त्यामागचं बेथलेहेम वडिलांच्याच हातचं असे. आता ते काम माझ्याकडे आहे. तरुण मंडळी दरवर्षी विचारतात, "काका, फ्लेक्स छापून आणू का?" मी नाही म्हणतो. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा साध्या पडद्यावर भागत होतं. देखाव्यांचे पडदे मुंबईत पारशी मंडळ्यांनी रुजवले. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आलं आणि पुढे संगीत नाटकाबरोबर जंगल, रस्ता, राजवाडा असे पडद्यांचे संच गावोगाव फिरू लागले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याच कामात नावाजले आणि तिथूनच सिनेमाकडे वळले. त्यांचा 'सैरंध्री' 1920 सालचा.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. इथल्या ख्रिस्ती मंडळींनी भोवतालच्या मातीतलं भजन-कीर्तन उपासनेत घेतलं; रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही आमच्या तोंडी आहेत. आमच्या चर्चमध्ये नाटकाचा पडदाही असाच, कारागिराच्या हातून आला. वडिलांच्या बेथलेहेममागचे डोंगर डोंगरगणच्या बाजूचे वाटायचे, आणि मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी असायची.

मांजरपाट कोरा, जाडसर, विणीचा घट्ट. त्याचे पट्टे जोडताना शिवण आडवी घ्यायची. उभी घेतली तर टांगल्यावर कापड तिथे चुण्या धरतं. सरस आदल्या रात्री भिजत घालायचा. सकाळी डबा थेट जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, कारण उकळला की त्याची पकड जाते. पातळ सरसाचा पहिला हात दिला की कापड आक्रसून ढोलकीसारखं ताणलं जातं. मग खडूची भुकटी आणि रंगाची पूड सरसात कालवायची. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका होतो, म्हणून वडील आधी कागदाच्या तुकड्यावर ब्रश ओढून तो शेगडीजवळ वाळवायचे. मग बोट फिरवून बघायचे. बोटाला पूड लागली तर सरस कमी. कागद दुमडल्यावर रंग तडकला तर सरस जास्त. नाटकवाल्यांचा पडदा बांबूवर गुंडाळून बैलगाडीतून जायचा, त्यामुळे हे प्रमाण चुकून चालतच नसे.

एका वर्षी घाईत आम्ही खाकी कागद चिकटवून आकाश केलं. डिसेंबरच्या दवाने रात्रीत तो फुगला आणि कार्यक्रमाच्या सकाळी तारा खाली लोंबत होता. तेलरंगही करून पाहिला. तो वाळेना, वासाने मुलांची डोकी दुखली, आणि दिव्याखाली सगळा देखावा चकाकला. फ्लेक्सचंही तेच. त्याच्यावर दिवा पडला की मागच्या बाकांवरून आकाशाऐवजी पांढरा डाग दिसतो. सरसाच्या रंगाला चमक नसते. तो उजेड पिऊन घेतो, म्हणून निळं आकाश खोल वाटतं आणि पुढे उभं असलेलं मूल उठून दिसतं. कार्यक्रम त्या मुलाचा आहे, पडद्याचा नाही.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. हा रंग पाण्याने निघतो. जुना पडदा भिजवून, घासून, उन्हात वाळवला की कापड पुन्हा हाती येतं, आणि पुढच्या वर्षीची मुलं त्यावर आपले डोंगर काढतात. सात-आठ वर्षांच्या मुलाने काढलेली वाकडी मेंढी आईबापांना दुरून ओळखता येते. छापून आणलेल्या चित्रात त्या मुलाला जागाच नसते.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: या नाताळात फ्लेक्सचे पैसे मांजरपाटाला लावा आणि ब्रश मुलांच्या हाती द्या. वडिलांनी आणलेला शेवटचा मांजरपाट आम्ही चार वेळा धुतला. त्यांचं चित्र केव्हाच पाण्याबरोबर गेलं. कापड अजून टांगलेलं आहे.