ठासणीच्या बंदुकीत दारू अंदाजाने नको. माप घरच्या घरी असं तयार करा

पौड (ता. मुळशी) : भात निसवायला लागलं की डोंगरकडेच्या खाचरांत रानडुकरांचा त्रास सुरू होतो. पीक राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, खास करून कोकणात, आजही वापरात आहे. बंदूक जुनी, बहुतेक वेळा आजोबांच्या नावावरून आलेली. तिच्यासोबतचं दारूचं माप मात्र कधीच हरवलेलं असतं. मग दारू तळहातावर घेऊन ‘अंदाजपंचे’ नळीत ओतली जाते. दारू कमी पडली तर फुसका बार, जास्त झाली तर नळी फुटण्याचा धोका. हे टाळायला एक साधं माप पुरतं आणि ते घरी करता येतं.

आधी परवाना

ही माहिती फक्त परवानाधारकांसाठी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. नळीत आटे असलेली रायफल या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद होऊ शकते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. ‘आजोबांची होती, घरात पडून आहे’ हे कारण चालत नाही. वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा पोलीस ठाण्यात जमा करावी.

मुळशीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या गावांचे शस्त्र परवाने जिल्हाधिकारी कार्यालयातून होतात. हिंजवडी भाग मात्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो, तिथले अर्ज आयुक्तालयाकडे जातात.

माप कशासाठी?

एक, नेम आणि जोर. दर वेळी दारू सारखी पडली तरच बार सारखा जातो.

दोन, नळीचा जीव. जुन्या नळीला आतून गंज लागलेला असतो. जास्तीची दारू ती सोसेलच असं नाही.

तीन, हाताचा जीव, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बार उडाल्यावर नळीत कधी कधी ठिणगी शिल्लक राहते. अशा वेळी दारूच्या डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतलं तर डब्यातली सगळी दारू हातातच पेटू शकते. मापात घेऊन ओतली तर पेटली तरी एका बाराचीच पेटेल. म्हणून डबा कधीही नळीच्या तोंडाला लावू नये. माप भरावं, डबा बंद करून लांब ठेवावा, मगच ओतावं.

दारूचा साठा एका ठिणगीने काय करतो, हे मुळशीकरांना कोरीगडावरून ठाऊक आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांचा कर्नल प्रॉथर तीन दिवस गडाशी झुंजत होता. १४ मार्चला तोफेचा गोळा दारूकोठारावर पडला, कोठार उडालं आणि गड पडला.

नळी जेवढी लहान, चूक तेवढी मोठी

मोठ्या नळीच्या बंदुकीत ८० ग्रेनचा बार असेल आणि चुकून ५ ग्रेन जास्त पडले, तर वाढ साधारण ६ टक्के. अमेरिकेत खारीच्या शिकारीसाठी पॉइंट ३२, पॉइंट ३६ अशा लहान नळीच्या ठासणीच्या रायफली वापरतात. तिथे बार २० ते ३० ग्रेनच्या आसपास असतो. २० च्या बारात ५ ग्रेन जास्त म्हणजे थेट २५ टक्के वाढ. ही चूक चिमूटभर दारूची, डोळ्यांना कळतही नाही. म्हणून लहान नळीला माप हवंच.

आपल्या बंदुकीला किती दारू चालते, हे मात्र शेजाऱ्याला विचारून ठरवू नये. परवानाधारक बंदूक कारागिराकडून नळी तपासून तो आकडा लिहून घ्यावा.

ग्रेन, मासा, मिलीलीटर

‘ग्रेन’ ऐकून गोंधळायला नको. जुना तोळा १८० ग्रेनचा. १२ मासे म्हणजे १ तोळा, म्हणून १ मासा = १५ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम. काळी दारू ढोबळमानाने पाण्याइतकीच भरते, म्हणजे १ मिलीलीटर जागेत साधारण १ ग्रॅम. हिशोब सोपा झाला :

- १५ ग्रेन = १ मासा = सुमारे १ मिलीलीटर
- २० ग्रेन = सुमारे १.३ मिलीलीटर
- ३० ग्रेन = २ मासे = सुमारे २ मिलीलीटर

माप कसं तयार करायचं?

परदेशात रिकाम्या पितळी काडतुसाचं माप करतात. आपल्याकडे ते करू नये. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच धरले आहेत. उगाच चौकशी मागे लागेल. सांबराचं किंवा चितळाचं शिंगही नको, तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा ठरू शकतो. लोखंडाने ठिणगीची भीती, प्लॅस्टिकवर घर्षणाने वीज साठते. उरतात दोन चांगल्या वस्तू : पितळी किंवा तांब्याची नळी आणि बारीक बांबूचं पेर.

१. आतून साधारण १ सेंटीमीटर रुंद अशी ५-६ सेंटीमीटर लांब नळी घ्यावी. कडा घासून गुळगुळीत कराव्यात.

२. एका टोकातून घट्ट बसणारी लाकडी खुंटी आत सरकवावी. खुंटी आत-बाहेर केली की मापाची जागा कमी-जास्त होते. १ सेंटीमीटर रुंदीच्या नळीत २ मिलीलीटरसाठी खोली साधारण अडीच सेंटीमीटर लागते.

३. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली २ मिलीलीटरची सिरिंज आणावी. कारागिराने सांगितलेल्या आकड्याइतकं पाणी मोजून नळीत सोडावं. पाणी बरोबर काठोकाठ येईल तिथे खुंटी ठेवावी. हे काम करताना दारू जवळपास नको.

४. खुंटी जागेवर पक्की करावी. नळीला आरपार बारीक भोक पाडून पितळी तारेची खीळ मारावी म्हणजे ती सरकत नाही.

५. माप दोन दिवस चांगलं वाळवावं. त्यावर ग्रेनचा आकडा कोरून ठेवावा आणि दोरीने दारूच्या पिशवीला बांधावं.

खात्री करून घ्या

पाण्याचं माप आणि दारूचं माप तंतोतंत जुळत नाही, कारण जाड दाण्याची दारू कमी भरते, बारीक दाण्याची जास्त. म्हणून एकदा वजन करावं. एक मापभर दारू साध्या काट्यावर नीट कळत नाही. दहा मापं भरून एकत्र वजन करावं आणि दहाने भागावं. ३० ग्रेनच्या मापाची दहा मापं साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. जास्त भरली तर खुंटी थोडी आत सरकवावी. नवीन दारू आणली की वजन पुन्हा करावं.

हे वजन सराफाच्या दुकानात नको, तिथे भट्टी पेटलेली असते. घरीही चूल, देवाचा दिवा, विडी यांपासून लांब आणि पोरांच्या नजरेआड करावं.

भरताना पद्धत एकच ठेवावी : दारू सैल ओतायची, बोटाने दोनदा टिचकी मारायची, वरची दारू लाकडी पट्टीने सपाट करायची. कधी शीग लावून, कधी दाबून भरलं तर मापाचा उपयोग शून्य.

गजावर दोन खुणा

मापासोबत ठासणीच्या गजावरही दोन खुणा कराव्यात. नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडापाशी पहिली खूण, बार नीट भरून ठासल्यावर दुसरी. बंदूक हातात घेतली की गज सोडून पाहायचं. पहिल्या खुणेवर असेल तर रिकामी, दुसऱ्या खुणेवर असेल तर भरलेली. दुसरीच्याही वर राहिला तर एकावर एक दोन बार भरलेत, किंवा गोळी दारूपर्यंत पोहोचलेली नाही. दोन्ही वेळी नळी फुगू किंवा फुटू शकते. अशी बंदूक उडवू नये, कारागिराकडून रिकामी करून घ्यावी.

मुळशीच्या पावसात

ताम्हिणीच्या पट्ट्यात चार महिने हवाच ओली. दारूला दमट हवा लागली की गोळे होतात, मापात पोकळी राहते आणि बार फसतो. दारू घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच जागी ठेवावी. ओलावलेली दारू चुलीजवळ किंवा तव्यावर वाळवण्याचा विचारसुद्धा करू नये. बार उडाल्यावर नळीत राहणारी काजळी ओल धरते आणि नळी लगेच गंजू लागते. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.

हे लक्षात ठेवा

- ठासणीच्या बंदुकीत फक्त परवानाधारक विक्रेत्याकडची काळी दारू. काडतुसातली बिनधुराची दारू किंवा फटाक्याची दारू कधीच नाही. त्याच मापाने भरली तरी नळी फुटू शकते.
- चाप ओढूनही बार उडाला नाही तर किमान एक मिनिट नळी मोकळ्या दिशेला धरून ठेवावी. बार उशिरा उडू शकतो.
- पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. रानडुक्कर मारण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते.
- पिकाचं नुकसान झालं तर लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. वन विभागाची मदतवाहिनी : १९२६.