रुक्खमूल : भिक्खू आणि त्याचा वृक्ष

बौद्ध परंपरेतील वृक्ष म्हटला की बोधगयेचा पिंपळ आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु तथागतांच्या चरित्रात त्याआधी एक जांभूळ आहे. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात ते सांगतात की, घोर देहदंडन निष्फळ ठरल्यावर त्यांना पूर्वीचा एक प्रसंग आठवला. शाक्य पिता कामात असता ते जांभळीच्या शीतल छायेत बसले होते व तेथेच त्यांना प्रथम ध्यान लाभले होते. बोधीचा मार्ग हाच असावा, कामवासनेशी संबंध नसलेल्या सुखाचे भय बाळगण्याचे कारण नाही, असे त्यांना उमगले आणि त्यांनी पुन्हा अन्न घेतले. अट्ठकथाकारांनी पुढे या प्रसंगास नांगरणीच्या उत्सवाची व न ढळलेल्या सावलीची जोड दिली. मूळ सुत्तात यातले काही नाही. आम्हांस ते साधे कथनच अधिक मोलाचे वाटते.

भिक्खुसंघाच्या चार निश्रयांत तिसरा 'रुक्खमूलसेनासन', म्हणजे झाडाच्या बुंध्याशी वास. हा वास आजन्म सक्तीचा करावा, ही देवदत्ताची मागणी होती. भगवंतांनी ती नाकारली. वर्षातील आठ महिने झाडाखाली राहण्यास अनुज्ञा दिली, पावसाळ्यात मात्र छप्पर हवे.

या वासाचे बारीकसारीक नियम पाहावयाचे तर इसवी सनाच्या 5 व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात रचलेला 'विसुद्धिमग्ग' उघडावा. (गोमंतकात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी 1940 साली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.) तेथील धुतांगांत 'रुक्खमूलिकंग' आहे. कोणती झाडे टाळावीत, याची त्यात यादीच दिली आहे : सीमेवरचे, पूजेचे, डिंकाचे, फळांचे, वटवाघळांचे, पोकळ बुंध्याचे आणि विहाराच्या मध्यभागी असलेले. सीमेवर तंटे, फळझाडाखाली वर्दळ, ढोलीत साप. कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. पूजेचे झाड या यादीत यावे, हे विशेष. ज्या नगरीत संघमित्रा थेरींनी आणलेली बोधिशाखा शतकानुशतके पुजली जात होती, तेथेच हा नियम लिहिला गेला! पूजेला जनसमुदाय लागतो, ध्यानाला एकांत. आमच्या मते ग्रंथकार बोधिवृक्षाचा अनादर करीत नाहीत. दोन्ही कामांसाठी दोन निराळी झाडे असावीत, एवढेच ते सुचवितात.

त्याहून सूक्ष्म नियम पुढे आहे. उत्कृष्ट कोटीच्या भिक्खूने आपल्या आवडीचे झाड निवडून ते झाडून-सारवून घ्यावयाचे नाही. गळलेली पाने पायाने बाजूस सारावीत आणि बसावे. मध्यम कोटीचा भिक्खू सहज आलेल्यांकडून जागा स्वच्छ करवून घेऊ शकतो. मृदू कोटीच्या भिक्खूस जमीन सपाट करविणे, वाळू पसरविणे, कुंपण घालून दार बसविणे, इतकी मोकळीक आहे. झाडाचे घर कसे होत जाते, हे या तीन पायऱ्यांत स्वच्छ दिसते. म्हणूनच निवासस्थानाविषयीचा मत्सर व बांधकामाची हौस यांचा अभाव, हा या व्रताचा एक लाभ सांगितला आहे. दुसरा लाभ पानांपासूनचा : पालवी, पक्व पान, गळणे हे नित्य दिसत राहिल्याने अनित्यसंज्ञा जागी होते.

व्रत भंग पावते ते छपराखाली वास करताच. अंगुत्तरभाणकांचे म्हणणे किंचित सौम्य होते : भिक्खूने जाणूनबुजून छपराखाली अरुणोदय होऊ दिला, तरच व्रत मोडले असे ते मानीत.