वारशाची वैश्विक कसोटी आणि तेर : जागतिक वारसा निकषांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातील, तर जिंजी हा तमिळनाडूतील आहे. या घटनेचे राज्यभर स्वागत झाले. त्याचबरोबर 'आमच्या जिल्ह्यातील स्थळ यादीत का नाही?' हा प्रश्नही अनेक ठिकाणी विचारला जाऊ लागला. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तर तो अधिकच स्वाभाविक आहे. तेर, धाराशिवची लेणी, नळदुर्ग आणि परांडा ही स्थळे ज्या भूमीत आहेत, तिचे ऐतिहासिक महत्त्व कोणी नाकारू शकत नाही.

तथापि स्थळाचे महत्त्व आणि त्याची जागतिक वारसा म्हणून पात्रता या दोन भिन्न बाबी आहेत. आंतरराष्ट्रीय यादी केवळ थोरवीची नोंद घेत नाही. ती थोरवीचा पुरावा, त्या पुराव्याची अखंडता आणि त्याच्या रक्षणाची हमी मागते. प्रस्तुत निबंधात हे निकष कसे घडले याचा आढावा घेऊन त्यांच्या प्रकाशात तेर या प्राचीन नगराची स्थिती तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

जागतिक वारसा संकल्पनेची जडणघडण

इजिप्तमधील आस्वान येथील मोठ्या धरणामुळे अबू सिंबेलची मंदिरे बुडण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा १९६० मध्ये युनेस्कोने जगाला साहाय्याचे आवाहन केले. अनेक राष्ट्रांच्या मदतीने ती मंदिरे कापून उंच जागी हलविण्यात आली. एका देशातील वास्तू ही सर्व मानवजातीची ठेव असू शकते, हा विचार यातून दृढ झाला. १६ नोव्हेंबर १९७२ रोजी जागतिक वारसा करार संमत झाला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला आणि १९८३ मध्ये अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला व ताजमहाल ही आपली पहिली चार स्थळे यादीत आली.

त्या काळातील प्रस्ताव आजच्या मानाने अगदी त्रोटक असत. अजिंठ्याचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी फारसा युक्तिवाद करावा लागला नाही. पुढे यादी वाढत गेली तसे नियम काटेकोर होत गेले. आज एकूण दहा निकष आहेत. त्यांपैकी पहिले सहा सांस्कृतिक व उरलेले चार नैसर्गिक स्थळांसाठी आहेत. मानवी सर्जनशीलतेचा उत्कृष्ट आविष्कार, संस्कृतींमधील मूल्यांची देवाणघेवाण, लुप्त वा जिवंत परंपरेची असाधारण साक्ष, इतिहासातील एखादा टप्पा दर्शविणारा वास्तुप्रकार, पारंपरिक वसाहत वा भूमीचा वापर आणि वैश्विक महत्त्वाच्या घटना, श्रद्धा वा कलाकृतींशी प्रत्यक्ष संबंध, असे सांस्कृतिक निकषांचे स्वरूप आहे. मराठा किल्ल्यांची निवड यांतील चौथ्या व सहाव्या निकषांवर झाली.

यांपैकी किमान एका निकषाची पूर्तता आवश्यक असली तरी ती पुरेशी नसते. स्थळाची अस्सलता, अखंडता आणि कायदेशीर संरक्षणासह व्यवस्थापनाची योजना याही कसोट्या पार कराव्या लागतात. 'अस्सलता' या कल्पनेचा अर्थ १९९४ च्या नारा दस्तऐवजाने व्यापक केला. मूळ दगड-विटांबरोबरच उपयोग, परंपरा व आशय यांचाही विचार व्हावा, हे त्यामुळे मान्य झाले. शिवाय प्रत्येक प्रस्तावात देशातील व जगातील समान स्थळांशी तुलना करावी लागते. अनेक प्रस्ताव याच ठिकाणी दुर्बळ ठरतात.

प्रथम संबंधित राष्ट्र स्थळाचे नाव आपल्या संभाव्य यादीत घालते. किमान एक वर्षानंतर पूर्ण प्रस्ताव सादर होतो. 'इकोमॉस' ही तज्ज्ञांची संस्था कागदपत्रांची छाननी व प्रत्यक्ष पाहणी करून शिफारस करते आणि एकवीस सदस्य राष्ट्रांची समिती अंतिम निर्णय घेते. मराठा किल्ल्यांची नोंद संभाव्य यादीत २०२१ मध्ये झाली होती. त्यांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, तर चार राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहेत. राष्ट्रीय वा राज्य कायद्याचे कवच आधी आणि आंतरराष्ट्रीय मान्यता नंतर, हा क्रम येथे लक्षात घेण्यासारखा आहे.

तेर : पुराव्यांचे स्वरूप

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असून तेथून साधे कापड व तलम मलमल भडोच बंदराकडे जाते, असा उल्लेख आहे. टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव येते. तगर नेमके कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेर असल्याचे प्रतिपादन केले आणि त्यानंतर हेन्री कझेन्स यांनी येथील वास्तूंची पाहणी केली.

येथील त्रिविक्रम मंदिर हा भारतीय वास्तुकलेतील दुर्मिळ अवशेष होय. मुळात ते विटांनी बांधलेले, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. लेण्यांमध्ये कोरलेली चैत्यगृहे पुष्कळ आहेत, परंतु विटांचे बांधीव चैत्यगृह छतासह उभे असल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याची नेहमी तुलना केली जाते. विटांचे उत्तरेश्वर मंदिरही उल्लेखनीय आहे.

तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा विशेष प्रसिद्ध आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या इटलीतील नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती प्रतिमा सापडली. तिचे शैलीसाम्य तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील प्रतिमांशी दाखविले गेले आहे. दख्खनमधील कारागिराचा हात आणि रोमन गृहस्थाचे घर यांना जोडणारा हा दुवा आहे. संस्कृतींच्या देवाणघेवाणीविषयीच्या दुसऱ्या निकषासाठी याहून बोलके उदाहरण सहसा मिळणार नाही. याशिवाय संत गोरा कुंभार यांची ही भूमी असल्याने येथील भक्तिपरंपरा आजही जिवंत आहे.

निकषांच्या कसोटीवर तेर

असे असूनही तेरचा प्रस्ताव आज कोणी मांडला तर तो कोठे अडेल? तो महत्त्वाच्या मुद्द्यावर अडणार नाही. तो पुराव्याच्या अखंडतेवर अडेल.

तेरच्या बहुसंख्य वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांमुळे वाचल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. मात्र यांतील पुष्कळशा वस्तू शास्त्रीय उत्खननातून नव्हे, तर पृष्ठभागावरून गोळा झालेल्या आहेत. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या सोबत होती, हे त्यामुळे सांगता येत नाही. ज्या तळमळीने तेरचा वारसा वाचविला, तिला त्याचा संदर्भ मात्र वाचविता आला नाही. यात दोष त्या संग्राहकाचा नाही. शास्त्रीय यंत्रणा पोहोचण्यापूर्वी तो एकटा तेथे पोहोचला होता. १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढेही उत्खनने झाली. तरीही प्राचीन नगराचा मोठा भाग आजच्या वस्तीखाली व शेतांखाली आहे.

येथे गुजरातमधील धोलावीराशी तुलना उपयुक्त ठरेल. हे हडप्पाकालीन नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याच्यावर नंतरचे गाव वसलेले नव्हते, दीर्घ व पद्धतशीर उत्खननामुळे नगररचना स्पष्ट झाली होती आणि सीमा आखता येत होत्या. तेरची सीमा कोठून कोठपर्यंत मानायची, हाच पहिला प्रश्न ठरेल. त्याचे उत्तर देताना तेथील रहिवाशांच्या घरांचा व जमिनींचा विचार टाळता येणार नाही. दुसरीकडे दख्खनमधील जुन्या वसाहतींची पांढरीची माती खत म्हणून वा बांधकामासाठी उचलण्याची रीत जुनी आहे. मातीच्या प्रत्येक गाडीबरोबर इतिहासाचे एक पान नष्ट होते.

नळदुर्गचे उदाहरण तुलनेच्या अंगाने बोधप्रद आहे. बोरी नदीवरील धरणाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास पूर्ण झाला. जलव्यवस्थापन, संरक्षण आणि सौंदर्यदृष्टी यांचा असा संगम विरळा आहे. परंतु मराठा किल्ल्यांच्या मालिकेची संकल्पना वेगळी असल्याने त्यात नळदुर्गला स्थान नव्हते. दख्खनी सल्तनतींच्या वास्तूंची जी नोंद २०१४ मध्ये भारताच्या संभाव्य यादीत झाली, ती गुलबर्गा, बिदर, विजापूर व हैदराबाद या राजधान्यांभोवती रचली गेली. नळदुर्ग अशा रीतीने दोन्ही मालिकांच्या बाहेर राहिला. कोणती कथा सांगायची हे ठरले की कोणते स्थळ लागेल तेही बव्हंशी ठरते.

तेरसाठीही हाच मार्ग संभवतो. एकटे तेर कदाचित दुर्बळ ठरेल, पण भडोचकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील पैठण, भोकरदन, जुन्नर व नाणेघाट यांच्या मालिकेत त्याचे स्थान अधिक स्पष्ट होईल. चीन, कझाकस्तान व किरगिझस्तान यांनी मिळून रेशीम मार्गाच्या एका भागातील ३३ स्थळांचा संयुक्त प्रस्ताव मांडला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, हे उदाहरण समोर आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जागतिक वारसा निकष हे गुणगौरवाचे नसून सिद्धतेचे निकष आहेत. त्यांना मर्यादाही आहेत. दगडी, स्मारकस्वरूप आणि सहज सीमाबद्ध होणाऱ्या स्थळांना ते अनुकूल ठरतात. विटा, माती आणि वस्ती यांत मिसळलेल्या तेरसारख्या स्थळांना मात्र अधिक झगडावे लागते. शिवाय यादीतील समावेश म्हणजे कायमची सुरक्षितता नव्हे. पुलाच्या बांधकामासारख्या कारणांमुळे हंपीला १९९९ ते २००६ या काळात संकटग्रस्त यादीत राहावे लागले.

म्हणून यादीत नाव नसल्याची खंत करीत बसण्यापेक्षा, यादी जे मागते ते आजच करणे अधिक श्रेयस्कर ठरेल. तेरच्या टेकाडांचा नकाशा, संग्रहालयातील वस्तूंची छायाचित्रांसह सूची, वृद्ध ग्रामस्थांकडून वस्तू मिळाल्याच्या जागांची नोंद आणि पांढरीच्या जागांचे रक्षण ही कामे पॅरिसच्या निर्णयाची वाट पाहत नाहीत. मराठवाड्यातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती हाती घेऊ शकतात. वस्तू कोठे मिळाली हे सांगू शकणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. तिच्याबरोबर ती माहितीही गेली, तर पुढे कोणतीही समिती ती परत मिळवून देऊ शकणार नाही.