बावीस तासांची नोटीस

२०१४च्या फेब्रुवारीत मी अकरावीत होतो. वर्गातल्या एकाच मुलाच्या फोनवर 'फ्लॅपी बर्ड' होता आणि मधल्या सुट्टीत तो फोन हातोहात फिरायचा. टॅप केलं की पक्षी उडतो, पाइपला धडकला की मरतो. बस्स. माझा स्कोअर सांगण्यासारखा नाही.

हा गेम बनवणारा डोंग न्गुयेन तेव्हा साधारण माझ्या आजच्या वयाचा होता. हनोईत नोकरी करायची, आई-वडिलांकडे राहायचं, उरलेल्या वेळात गेम लिहायचे. 'फ्लॅपी बर्ड' मे २०१३मध्ये अ‍ॅप स्टोअरवर आला आणि कित्येक महिने कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जानेवारी २०१४मध्ये मात्र तो अमेरिकेतल्या फुकट अ‍ॅप्सच्या यादीत पहिला! जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळतात, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं.

हा आकडा छापून आला आणि पत्रकार घरापर्यंत पोहोचले. आई-वडिलांना तोवर गेमचाही पत्ता नव्हता. पाइप मारिओवरून चोरले, डाउनलोड बॉटने वाढवले, असे आरोप झाले. बॉटचा पुरावा कुणी दिला नाही. त्याला सगळ्यात जास्त लागले ते खेळणाऱ्यांचे निरोप. कुणाची नोकरी गेली, कुठली आई मुलांशी बोलेनाशी झाली. शाळेत असताना 'काउंटर-स्ट्राइक'पायी तो स्वतः परीक्षेत नापास झाला होता. त्यामुळे हे निरोप त्याला हसण्यावारी नेता येईनात.

मग त्याने ट्विट केलं: २२ तासांत गेम काढतोय, आता सहन होत नाही. निन्टेन्डोने धमकावलं अशी अफवा उठली. कायद्याचा काही संबंध नाही, असं त्याने स्वतः सांगितलं.

काहींना हा त्याग वाटला, काहींना मार्केटिंग. मला दोन्ही पटत नाही. आमच्याकडे रात्री तीनला सिस्टिम पडली तर फोन कुणी घ्यायचा हे ठरलेलं असतं. पत्रकारांशी बोलायला वेगळी माणसं, वकील वेगळे. त्याच्याकडे होतं एक ट्विटर अकाउंट, आणि उत्तरं देणारा तो एकटाच. सर्व्हरवर लोड आला तर दुसरा सर्व्हर जोडता येतो. इथे काय जोडणार?

गेम काढल्यावर गाजावाजा उलट वाढला. तो गेम असलेले जुने फोन ईबेवर हजारो डॉलर लावून विकायला निघाले आणि नकला धडाधड आल्या. त्याने नोकरी सोडली, घर सोडून मित्राच्या फ्लॅटवर राहायला गेला. ऑगस्टमध्ये 'स्विंग कॉप्टर्स' हा नवा गेम आणला, तर त्याच्याही नकला लगेच हजर.

आमच्या वर्गातल्या त्या फोनवर पक्षी वर्षअखेरपर्यंत उडत होता. स्टोअरवरून काढलेलं अ‍ॅप फोनवरून जात नाही.