गुग्गुळ, पुण्याची प्रयोगशाळा आणि पेशीतलं कुलूप

व्याख्यानाआधी चहा घेताना इथल्याच एका काकांनी विचारलं, "गुग्गुळानं कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात, ते खरं का? मग डॉक्टरांची गोळी सोडू का?" पहिल्या प्रश्नावर आज बोलायचंच आहे. दुसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो: सोडू नका.

धानोऱ्यात येऊन डिंक म्हणजे काय, हे मी सांगायला नको. सातपुड्यातल्या सालईला खाच पाडल्यावर जो सुगंधी डिंक येतो, त्याचा गुग्गुळ हा चुलतभाऊ. झाडं एकाच कुळातली. गुग्गुळाचं झुडूप मात्र कच्छ-राजस्थानकडच्या कोरड्या जमिनीतलं.

१९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती संशोधन करत होत्या. सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचताना त्यांना वाटलं, हे तर रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याशी जुळतंय. तिथं औषध सांगितलंय गुग्गुळ. मग सशांवर प्रयोग झाले, आणि १९६६मध्ये प्रबंध. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. पोथीत लिहिलंय म्हणून खरं, असं त्या म्हणाल्या नाहीत; पोथीतलं आहे म्हणून टाकूनही दिलं नाही.

मग आपलं पुणं येतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि सहकाऱ्यांनी या डिंकातली स्टेरॉइडं वेगळी काढली, १९७२मध्ये प्रसिद्ध केली. त्यातलीच गुग्गुळस्टेरोन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळापासून औषध तयार केलं आणि सात शहरांत चाचण्या घेतल्या. त्यांत मुंबई होती, आपलं नागपूरही होतं. १९८९च्या अहवालात २०५ रुग्णांची १२ आठवड्यांची नोंद आहे. बहुतेकांचं कोलेस्टेरॉल सरासरी २३ टक्क्यांहून जास्त उतरलं. पण हा भाग खुल्या चाचणीचा, म्हणजे काय देतोय-घेतोय हे दोघांनाही ठाऊक. हे लक्षात असू द्या.

आता, हे औषध करतं तरी काय? आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पुरेशी झाली की पेशीच्या केंद्रकातल्या एका ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटतात. हे प्रथिन म्हणजे एफएक्सआर. कुलपात किल्ली फिरावी तसं, आणि जनुकांना निरोप जातो: बास, उत्पादन थांबवा. १९९९मध्ये हे उलगडलं. २००२मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड मूर यांच्या गटानं 'सायन्स'मध्ये लिहिलं की गुग्गुळस्टेरोन या कुलपात अडकून बसतं, किल्ली फिरू देत नाही. उंदरांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल घटलं. ज्या उंदरांत एफएक्सआरच नव्हतं, त्यांच्यात घटलं नाही. काय सुंदर पुरावा आहे बघा!

आपल्याकडे मोठा आनंद झाला असणार. साहजिक आहे. पण पुढच्याच वर्षी, २००३मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या १०३ जणांवरची चाचणी आली. औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला, हे कोणालाच माहीत नाही. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल चार-पाच टक्के वाढलेलं! काहींच्या अंगावर पुरळही उठलं. का? आहार वेगळा, माणसं वेगळी, अशी कारणं दिली गेली. शिवाय गुग्गुळस्टेरोन एकाच कुलपात जात नाही. केंद्रकातल्या इतरही ग्राहकांशी खेळतं, हे नंतर दिसलं. उंदराच्या यकृतातलं कुलूप खरंच होतं, पण माणसाच्या रक्तातला आकडा त्या एकाच कुलपावर ठरत नाही.

या सगळ्या धावपळीत झाडाकडे कोणी पाहिलं? जास्त डिंकासाठी खोल खाचा पाडल्या की गुग्गुळाचं झुडूप वाळून जातं. आज ते जागतिक लाल यादीत 'अति-संकटग्रस्त' आहे. काका, तुम्ही लहानपणी सालईला खाच पाडताना किती खोल पाडायचात, आणि नंतर झाडाला किती दिवस विश्रांती द्यायचात? ते आता तुम्ही सांगा. माईक तिकडे द्या.